यापुढे गरज नसलेली

सोमवार. उद्यमनगर बंद.
फाउंड्रीच्या ऑफिसात मी एकटी
आणि यूपीएसची मधूनच एक टूक.
मालक म्हणाले होते, सुट्टीत उरकून टाक,
तासाभराचं तर काम.

अकराला अपग्रेड सुरू केलं.
अकरा वाजून चार मिनिटांनी ते थांबलं.

पडद्यावर भांडण:
हिला ती हवी, पण दोन पॉइंट चारच्या खालची नको,
तिचं हिच्याशी जमत नाही,
आणि तिसरी, जिचं नाव मी जन्मात पहिल्यांदा वाचत होते,
दोघींच्या मध्ये पाय रोवून उभी.
लग्नाच्या बैठकीत एखादा लांबचा मामा
कोपऱ्यातून म्हणतो ना, मला कुणी विचारलंच नाही,
तशी.

एकीला काढलं. तिच्यामागे एकोणीस निघाल्या.
परत घातलं तर बत्तीस आल्या,
सोबत कुणाचे कोण.
दीड वाजता यंत्राने अदबीने कळवलं:
खालील पॅकेजेस आपोआप आली होती,
यापुढे त्यांची गरज नाही.
काढून टाकू?

यादीवरून बोट खाली खाली नेलं
आणि एका जुन्या लायब्ररीपाशी अडखळलं.
हिच्यावर एकच प्रोग्राम उभा आहे, भट्टीच्या चार्जचा.
भंगार किती, पिग किती, सिलिकॉन किती.
इजाज बारगीरने लिहिलेला, दोन हजार नऊ साली,
शिफ्ट सुटल्यावर, डबा तसाच ठेवून.
तो गेल्यापासून त्यातला स्वल्पविरामही
कुणी हलवलेला नाही.

फोन लावला. इजाज आता हुपरीत,
पैंजणांच्या ऑर्डरी सांभाळतो.
"ते अजून चालतंय व्हय?" हसला.
मागे घुंगरांच्या ढिगात कुणीतरी हात घातल्याचा आवाज.
"त्या लायब्ररीचं मला काय इचारू नको ताई,
मीबी दुसऱ्याचंच उचललं होतं.
कुठल्या तरी थंड मुलखातला माणूस.
एकदा मेल केला, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.
परत केला.
मग नाही आलं."

चहा घेऊन विष्णू सुतार आले,
पॅटर्न शॉपचे, सुट्टीलाही घरी न रमणारे.
त्यांच्या माळ्यावर सागवानी इंजिनं रचलेली आहेत,
कंपनी बंद पडली, तिच्या फाटकात बाभळ उगवली,
तरी हेड, फ्लायव्हील, पंपाची बॉडी,
प्रत्येकावर खडूने नंबर.
"वर्षातनं एकजण येतो गडहिंग्लजकडनं.
यंदा आला न्हाई अजून."
कशाला ठेवता मग, असं मी विचारलं नाही.

पडद्याकडे बघत म्हणाले,
"काय अडलंय?"
सांगितलं, जमेल तसं.
"म्हणजे मापात माप बसंना.
आम्ही मीटरला दहा मिलिमीटर जादा धरतो,
लोखंड गार होताना आखडतं म्हणून.
तुमच्यात आखडायला जागा ठेवत न्हाईत व्हय?"

ठेवत नाहीत, मामा.
नेमका आकडा लिहितात, आणि त्याच्यापुढे बरोबरचं चिन्ह.

मी नाही दाबलं.
त्या एका लायब्ररीला होल्डवर टाकलं,
माळ्यावर, खडूने नंबर घालून.
बाकीच्या तिच्या पुढून गेल्या, नव्या झाल्या,
काही तिच्यासाठी थांबल्या.
शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात:
एक रोखून धरलेलं, त्रेचाळीस जुनीच राहिली.
मालकांना फोनवर सांगितलं, झालं.
त्रेचाळीसचं बोलले नाही.
पुढच्या वर्षी ती सत्तर होतील,
तेव्हा इथे मी असेन किंवा दुसरं कुणी
ही यादी वाचत बसलेलं.

साडेचारला मशीन बंद करून परत चालू केलं.
चार्जचा प्रोग्राम उघडला,
काळ्यावर हिरवा, इजाजच्या अशुद्ध मराठीत
पहिला प्रश्न: भट्टि पेटलि का?
त्याला फक्त होय चालतं.
नाही लिहिलं की तो गप बंद होतो.

सोमवार होता, भट्टी गार होती.
होय लिहिलं.