दुसरी गाडी

दोन लाख दहा हजार,
त्यातले साठ सोसायटीचे.
दिप्तेशने बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं
आणि खाली दोन रेघा मारल्या,
म्हणजे आता यात बदल नाही.

पहिली गाडी त्याच्याबरोबर पहाटे वेर्ण्याला जाते,
काळोख पडल्यावर परत येते.
माझी ड्यूटी सातची, बांबोळीला.
स्कूटरवर पुढे स्वरांगी उभी,
पोटाशी बांधलेलं बाळ, हँडलला डबा,
सासूबाई गेटापर्यंत येतात, काही बोलत नाहीत.
बोलल्या असत्या तर बरं.

तीन रविवार हिंडलो.
कळंगुटची लाल, भाड्याने फिरलेली,
सीटखाली ओंजळभर वाळू
आणि कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.
मडगावची, जिचा मालक बोलताना
सारखा बॉनेटवर हात ठेवायचा,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
मिंगेलने खिशातून लोहचुंबक काढून दाराला लावलं,
ते घसरून खाली पडलं.
‘पत्रो ना हो, लांबी आसा.
दर्याकडची गाडी घेऊ नका, बाय.
वरून व्हंकल, खालून सुकं सुंगट.’

चौथी माशेलला.
रामनाथबाब शिंक्रे, वीज खात्यातून निवृत्त.
पांढरी वॅगनार, अंगावर
दोन सुती साड्या जोडून शिवलेलं आच्छादन.
दिप्तेश आणि मिंगेल गाडीखाली गेले.
मला त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं,
आणि वाचायला म्हणून एक वही.

तेरा लिटर. चारही टायरांत हवा.
मंगेशीला नेऊन आणली, नारळ फुटला.
दाबोळी. अश्विनला सोडला.
परतताना हिने रेडिओ लावू दिला नाही.
वाट चुकलो. सांग्याला जेवलो. ही खूप हसली.
ब्रेक ऑईल, तीनशे ऐंशी.

मग मंगळवार, बांबोळी.
शुक्रवार, बांबोळी.
मंगळवार.
पानं उलटत गेले, अडीच वर्षं तेच दोन वार.
ते मशीन कोणत्या मजल्यावर आहे, मला ठाऊक आहे.
चार तास लागतात हेही,
आणि माणसं तेवढा वेळ कुठे बसून असतात.
एका शुक्रवारानंतर मंगळवार नव्हता.
पुढे महिन्यातून एकदाच, त्याच नेटक्या अक्षरात:
सुरू केली. दहा मिनिटं. बंद केली.

मिंगेल कोपरं झाडत बाहेर आला,
मान एकदाच हलवली. एवढी तो कुणासाठी हलवत नाही.

‘खंय व्हरतली हिला?’ रामनाथबाबांनी विचारलं.
‘पाळणाघर,’ मी म्हटलं. ‘शाळा. बाजार.’
‘आणि नोकरी?’
‘पणजीच्या बाजूला.’
ते माझ्या पायांकडे बघत होते.
रविवार असूनही मी
वॉर्डातले पांढरे बूट घालून आले होते,
सँडलचा पट्टा तुटला म्हणून.

सांगितले होते दोन पंचवीस.
स्वरांगी मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपली होती.
‘पाच कमी द्या,’ तेच म्हणाले,
‘त्या बाजूचा पट्टा पटकन लागत नाही. आधी तो दुरुस्त करा.’
दिप्तेशने माझ्याकडे पाहिलं,
वरचे दहा हजार मनातल्या मनात
कुठून कुठून काढले, आणि हो म्हटलं.

मिंगेलने वही मागितली,
सर्व्हिसचा पुरावा, पुढे विकताना भाव येतो.
‘गाडी न्या,’ ते म्हणाले. ‘वही राहू दे.’

आच्छादन मात्र त्यांनीच झटकलं,
काठाला काठ लावून घडी घातली,
घालायला वेळ लागला,
आणि डिकीत ठेवलं.
‘असू दे हे.
तिथल्या पार्किंगला सावली नाही.’

कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
बाणस्तारीच्या पुलावर दिप्तेश म्हणाला,
क्लच थोडा कडक आहे, नाही?
मी म्हटलं, होईल सवय.