दोन्ही एकच

फॉर्मच्या चौथ्या रकान्यात विचारलंय, जन्माचं राज्य.
मी पेन ठेवते, चष्मा पुसते.
जन्मले तेव्हा मुंबई राज्य होतं,
शाळेचा दाखला म्हैसूरचा,
आणि पत्रिका छापली त्या साली आम्ही कर्नाटक झालो.
मी तेवढ्यात वडगावातून शहापुरात आले होते,
तेही चालत,
मागं एक ट्रंक हातगाडीवर.

रकाना बोटभर आहे.

उतारा नगरपालिकेत निघाला, शाईचा, मराठीत.
यमुना. बाप सिद्राम. धंदा हातमाग.
काउंटरवरची पोरगी म्हणाली,
ओदाक बरूदिल्ल री आजी.
मग मीच मोठ्यानं वाचला माझा जन्म,
तिनं कानडीत उतरवला,
खडेबाजारात त्याचं इंग्रजी झालं,
आता पोर्तुगीज करणारा माणूस
पणजीहून दर गुरुवारी येतो म्हणतात.
दर वेळी आईचं नाव थोडं बदलतं.

पासपोर्टात मात्र मी प्रमिला.
ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं होतं,
सगळ्यांनी वाकून वाचलं,
मग ते तांदूळ डब्यात परत गेले.
दुसऱ्या दिवशी शिजले असतील.
तेव्हा स्टॅम्पपेपर लागला नव्हता.
आता कोर्टाच्या आवारात चिंचेखाली
टंकलेखकाला सांगते:
लिहा, वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच.
तो विचारतो, नक्की ना?
सवयीनं विचारतो, सगळ्यांनाच.
मी उगाच जरा थांबते.

बत्तीस वर्षं रेल्वे टपालात पत्रं निवडली मी.
बेळगाव, बेळगावी, बेलगाम,
कुणी नुसतंच 'किल्ल्याजवळ' लिहिलेलं,
सगळं एकाच खणात टाकायचे.
कुणी शपथपत्र मागितलं नाही.

पोलीस आला चौकशीला, मल्लेशी नावाचा, पोरगाच.
कुठं जातासा ओ ह्या वयात?
पोर्तुगालला.
म्हंजे गोव्यात?
नाही रे बाबा, त्याच्या पलीकडं.
चहा घेतला, शेवग्याकडं बघितलं,
शेंगा कोण काढणार विचारलं.
गुन्हा काय न्हाई करून लिवतो, म्हणाला.
तो गेल्यावर बराच वेळ बसून राहिले.
एकाहत्तर वर्षं,
आणि काही म्हणजे काहीच नाही?

मुलगा पुण्याहून म्हणतो,
आई, मनातले मांडे खाऊ नकोस.
अरे, खरे मांडे आपल्याच गावात करतात,
मनातले खायला मी काय पुण्याची आहे?
तो हसला नाही. विम्याचे आकडे सांगत राहिला.
त्याचंही बरोबर आहे. गुडघा माझा, हप्ता त्याचा.

एस्परान्स रोज बोलून पाठवते.
नववीपर्यंत एका बाकावर होतो आम्ही.
तिच्यामागं मासे भाजल्याचा चर्र आवाज,
कुणीतरी जिना धुतंय.
'यमू, समुद्र हितं लई थंड गो,
पाय बुडवतो तेवढाच.
वरची खोली रिकामी हाय. बटाटे चांगले मिळतात.'
मी ते दोनदा ऐकते.
बटाट्यांसाठी नाही.

तिथल्या ओळखीचं नाव, पत्ता, नातं.
पत्ता मी सुरेख लिहिते, तो माझा धंदाच होता.
नात्यापुढं चार चौकटी:
पती, अपत्य, भावंड, इतर.
इतरवर खूण करते.
पेन जरा जास्तच दाबलं जातं,
मागच्या पानावर उमटतं.

मुलाखत शुक्रवारी, बंगळूरला.
गुरुवारी रात्री स्टेशनात तासभर आधीच पोचले.
फाइल, शेंगाचटणी, पोळ्या, गोळ्यांची डबी.
पाय आपोआप पुढच्या टोकाला गेले
जिथं आमचा डबा लागायचा.
आता तिथं पार्सलांचे खोके रचलेत,
गावाचं नाव तीन तऱ्हांनी,
एकावर तर चौथ्याच.
हमाल झोपलाय.
हात शिवशिवतात.