जांभळाची मूठ

कोय-कलमांचे दिवस ऐन भरात
आणि माझा चाकू मोचेमाडच्या खाडीत गेला.
होडीतून उतरताना, कनवटीतून सटकून.
डुबुक्, एवढंच म्हणाला.
अठरा वर्षं होता. त्याने कापलेल्या काड्यांचे आंबे
आता कुणाकुणाच्या आढीत पिकत असतील,
कोण मोजतं.

मालक म्हणाले, घे हा माझा, बाहेरचा आहे.
प्लास्टिकची मूठ. तिसऱ्या कापाला
अंगठ्याच्या मुळाशी फोड.
म्हणून मंगळवारी अर्धी मजुरी सोडून
वेंगुर्ल्याला, इनास फर्नांडिसच्या दुकानात.

दुकान म्हणजे एक भाता, एक सहाण,
आणि ट्रकचे मोडलेले पाटे भिंतीला टेकलेले.
त्यातूनच पाती निघतात.
पण मुठी! त्या मात्र काचेच्या पेटीत,
जुन्या मखमलीच्या तुकड्यावर ओळीने निजलेल्या.

"भाव माझो बोटीर होतो," इनास सांगतो,
"लोक सेंट हाडीत, ह्यो लाकडां."

मोंबासाचं काळं उचललं. जड, थंड,
उंडीच्या तेलाने चमकवलेलं. 
हात ओला करून पुन्हा धरलं, तर मासा.
निसटायच्या बेतातच.
पट्ट्यापट्ट्यांचं एक, इतकं देखणं
की मूठच बघत बसेन, कलमं कोण बांधणार.
अंदमानचं लाल घामात रंग सोडतं म्हणाला.
नको. रोपाच्या फडक्यावर लाल डाग दिसला
की सगळ्या बायका हातातलं टाकून धावत येतात.

मग तळाशी, मखमलीच्या घडीत,
हे.

पिकल्या जांभळाचा रंग. खरवडलेला नाही, रंगवलेला नाही.
"कापलां तेव्हा राखाडी होतां," इनास म्हणाला,
"दोन दीस उनात ठेवलां, मगे असां झालां.
वर्साभरात तपकिरी जातलां.
आदीच सांगतंय, मागीर भांडाक येव नको."

कापल्यावर रंग येणारं लाकूड.
मी काही बोलले नाही.
पाण्यात भिजवलेल्या फडक्यातून हापूसची काडी काढली,
नखाच्या खाचेतून पातं उघडलं.
खट्.
मिटलं. खट्. मध्ये कुरकुर नाही.
एका बाजूला धार, दुसरी सपाट, सांगितली होती तशी.
एका ओढीत दोन बोटं लांब पाचर,
काप ओला, काचेसारखा,
आणि दुकानभर चिकाचा वास.
इनासने भाता थांबवला.
"हात बरो आसा तुझो," म्हणाला,
चाकूबद्दल काहीच नाही.

साडेआठशे. मी भाव पाडायला तोंड उघडलं.
"भाव गेलो गे माझो," तो काडीकडे बघत म्हणाला,
"गेल्या नाताळाक. आता ह्यां लाकूड परत येवचां नाय."
पेटीत आणखी दोन मुठींपुरता तुकडा होता,
तो त्याने मखमलीखाली सरकवला.
मी साडेआठशे मोजले, शेवटचे पन्नास दहादहाच्या नाण्यांत.
चाकू त्याने हातात नाही दिला,
फळीवर ठेवला. मी उचलला.

परतीच्या एस्टीत खिडकीपाशी बसून
पुन्हा पुन्हा बाहेर काढला. 
शेजारची बाई जरा सरकून बसली.
कुठल्या नदीकाठचं झाड, कुणी पाडलं,
बोटीच्या कुठल्या कोपऱ्यात वळकटीखाली आलं,
आणि आता मोचेमाडच्या रोपवाटिकेत
पावसाच्या गळक्या शेडखाली
माझ्या घामाने तपकिरी व्हायचंय त्याला.
खिळ्यांच्या पितळेखाली तेवढा
टिकेल कदाचित मूळचा रंग,
कुणी बघायला नसताना.

रात्री ह्यांनी विचारलं, केवढ्याक?
मी म्हटलं, तीनशे.
मूठ कसली गो?
जांभळाची.
बरी, म्हणाले, मागल्या दारचं जांभूळही
असंच चिवट आहे,
आणि कूस बदलली.