ग्रेड टू

दर्यापूरला सोनोग्राफीत पोटावर गार जेल,
पडद्यावर राखाडी धुकं.
"लिवरवर चरबी आहे, गुरुजी. ग्रेड टू. दारू?"
"थेंबभरही नाही जी."
"मग गोड."

कुमुदनं साखरेचा डबा वरच्या फळीवर नेला.
चहा काळा झाला.
संध्याकाळी खारपाणपट्ट्याच्या चिकट रस्त्यानं
चार किलोमीटर.

पण वर्गात कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतोच.
आज सुहानी डोंगरदिवे, तिसरी.
एक रुपयाचं चॉकलेट,
वर्गाला नाही, फक्त मला,
मुठीच्या उबेनं कागदाला चिकटलेलं.
खिशात टाकू लागलो तर म्हणाली,
"आत्ता खा न जी सर.
मांगच्या साली तुम्ही नाही खाल्लं,
तुमच्या पोरानं खाल्लं."

हजेरीत तिची तारीख एक जून.
अर्ध्या वर्गाची एक जून.
आणि हा नोव्हेंबर चाललेला.
"आज कसा गं तुझा वाढदिवस?"
"माय म्हन्ते, वेचणी चालू होती तवा मी झाली."
वेचणी काय, दीड महिना चालते.
त्यातला आजचा दिवस तिनं निवडला होता.

कागद सोलला. अर्धं कागदालाच राहिलं,
तेही नखानं खरवडलं.
ती माझ्या तोंडाकडे पाहत उभी,
मी गिळेपर्यंत.

डॉक्टर यकृत म्हणतात,
खाटीक कलेजी.
माझी आई सगळ्यालाच काळीज म्हणायची,
तिला आतलं एवढं वेगवेगळं ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी पाच किलोमीटर चाललो.
"काऊन उशीर?" कुमुदनं विचारलं.
दाढेत अजून थोडं होतं.
तोंड उघडलं नाही.