एक्केचाळीस मीटर

ग्रिम्स्बी. पहाटेचे तीन दहा.
माशांच्या कारखान्यात सतरा नंबरची पेटी
पुन्हा गप्प झाली.
पट्टा थांबला. त्यावरचे हॅडकचे तुकडे
पावाच्या चुऱ्याचे अंगरखे घालून
रांगेत उभे, कुणी नाव पुकारायची वाट बघत.

पाच आठवडे हेच चाललंय.
दिवसा केबल साळसूद.
मी लॅपटॉप लावून बसले की तर फारच.

तसा निरोप छोटासाच असतो:
पंख्या, हळू हो.
झडपे, मिटलीस का?
प्रत्येकाच्या शेपटाला एक खूणगाठ,
आतल्या सगळ्या आकड्यांची मिळून बांधलेली.
ऐकणारा गाठ तपासतो.
जुळली, तर हुकूम मानतो.
नाही जुळली, तर निरोप निमूट टाकून देतो,
आणि विचारणारा पुन्हा विचारतो. आणि पुन्हा.
चौथ्यांदा धरून चालतो, की समोरचा गेला.

समोरचा असतोच.
त्याने फक्त चुकीचं ऐकायला नकार दिलेला असतो.

चुका होतात हे मोजणी सांगते.
तासाला दोनशे बारा. काल एकशे नव्वद.
कुठे, ते सांगत नाही.
त्यासाठी केबलमध्ये एक ठोका सोडायचा
आणि कान देऊन बसायचं.
सगळं नीट असेल तर ठोका टोकाच्या रोधकात विरतो,
तांब्यातून काही परत येत नाही.
आलं, तर वाटेत काहीतरी आहे.

चारशे दहा नॅनोसेकंदांनी
पडद्यावर एक बारीकसा उंचवटा आला.
निम्मा वेळ जाण्याचा, निम्मा येण्याचा.
"एक्केचाळीस मीटर," मी म्हटलं.
"फ्रीझरच्या वर," कीथ स्टोव्हिन म्हणाला,
जरा जास्तच लवकर.

कीथ इथे एकोणतीस वर्षं वायरमन.
येत्या शुक्रवारी कॅन्टीनमध्ये त्याचा केक आहे.
त्याचे गुडघे वाजतात, म्हणून शिडी मी चढले.
वर हिमाची पातळ साय, केबलींचा जुडगा.
आमची जांभळी शोधून हात फिरवत गेले,
डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवून.

एक जोड.
नकाशात नाही. नियमात तर नाहीच.
जाळीचं कवच कापलेलं, तारा पिळलेल्या,
त्यावर काळ्या टेपचे तीन वेढे
आणि टेपचं टोक आत दुमडलेलं,
पुढच्याला सोडवताना नख घालता यावं म्हणून.

असं टोक दुमडणारा माणूस
या कारखान्यात एकच.
मलाही ती सवय त्यानेच लावली.

रोज तीन दहाला बर्फ पाडायची पाळी लागते,
शेजारची मोटर खडबडून उठते
आणि तिचा गोंगाट या उघड्या जागेतून
आमच्या निरोपांत शिरतो. इतकंच.

खाली कीथ शिडी धरून उभा,
दोन्ही हातांनी, गरजेपेक्षा घट्ट.
"दोन हजार नऊ," त्याने आपणहून सांगितलं.
"नाताळची आदली रात्र. ट्रक दारात,
उंदराने केबल कुरतडलेली.
म्हटलं, नव्या वर्षात नीट करू."
मग बऱ्याच वेळाने,
"नवी वर्षं खूप आली."

नवा तुकडा ओढायला दीड तास लागला.
सतरा नंबरने पहिल्या हाकेला ओ दिली.
चुका शून्य. दहा मिनिटं दोघं बघत राहिलो. शून्य.

अहवालात चार रकाने.
दोष, ठिकाण, उपाय: भराभर लिहिले.
कारणापाशी पेन अडलं.
"उंदीर," मी लिहिलं.
खोटं नव्हतं.
मनात खूणगाठ लावून पाहिली, तरी जुळेना.

शुक्रवारी केकवर कीथच्या आडनावात
एक अक्षर कमी निघालं.
सगळ्यांच्या आधी त्याला दिसलं.
तो काही बोलला नाही.
सुरी घेऊन नेमका तोच तुकडा कापला
आणि माझ्या बशीत ठेवला.