जाऊ नये अशा जागा

दनाकिल. माझ्या यादीत हिच्यापुढे लाल फुली होती.
जवळचं इस्पितळ: उंटाने दोन दिवस.

हुमद मिठाची लादी तासत होता.
टायरच्या वहाणा,
टाचेच्या भेगांत पांढरं भरलेलं.
हा गंधकाचा वास कसा सोसता?
"कसला वास?" म्हणाला.

मग त्यानेच विचारलं, वर पठारावर जाणार आहेस का.
नको जाऊस.
तिथे रात्रभर पाऊस असतो,
चिखलात उंटाचा पाय मोडतो,
भिजलेल्या लादीला कुणी विचारत नाही.
धाकटा गेला तिकडे.
थंडीत तिकडेच गेला.

निघताना त्याने एक खडा हातावर ठेवला.
अजून सॅकच्या कप्प्यात आहे.
जिभेला लावलेला नाही.
खाल्लं, तर जागावं लागेल.