खेकड्याचं बीळ

परीक्षेत मी सहाही पायऱ्या बिनचूक लिहिल्या होत्या:
संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती, भेद.
शंभरापैकी एक्क्याण्णव.
मग कोलंबोहून बसने सात तास उत्तरेला
या कोरड्या मुलखात आले,
आणि मुदलिहामी वैद्यांच्या ओसरीवर
वर्षभर नुसती उपळसरीची मुळं धुतली.

रोगाचं काही विचारलं की ते म्हणत,
"बांधावर जाऊन ये."

गावाचा तलाव रणहामी राखतो.
पहाटे अनवाणी चालतो बांधावरून,
टाचेनं माती ऐकत.
पाणी चढतं तेव्हा कुणाला काही वाटत नाही,
उलट बरंच वाटतं. कमळं वर येतात,
म्हशी डुंबतात, पोरं सूर मारतात.
साठणं असं कौतुकातच होतं.

"पाणी वाईट नसतं, पोरी," तो म्हणाला,
"जागा सोडून हिंडायला लागलं
की त्याला एक भोक हवं असतं.
भोक आपल्याच बांधात असतं."
मी म्हणाले, पुस्तकात याला खवैगुण्य म्हणतात.
त्यानं जरा विचार केला.
"आम्ही खेकड्याचं बीळ म्हणतो."
आणि बोटानं बीळ चाचपून
वारुळाची माती त्यात ठासली.

शाळेतल्या सीलवतीबाई आल्या.
तक्रार अशी काही नव्हती.
सकाळी अंग जड, बोटातली अंगठी घट्ट,
भुकेची वेळ होते, भूक येत नाही.
वैद्यांनी जीभ पाहिली, नाडीवर बोटं ठेवून
बराच वेळ भातशेताकडे बघत राहिले.
"भूक लागेपर्यंत जेवू नका.
सुंठ घालून उकळलेलं पाणी. दुपारची झोप बंद."
"आणि औषध?"
"हेच."
बाईंनी पानाच्या विड्यावर ठेवलेलं नाणं
परत उचलावं की काय, असं क्षणभर पाहिलं.

पुढं त्यांचं काय झालं?
काहीच झालं नाही.
अजून रोज सायकलवरून शाळेत जातात,
आमच्या कुंपणापाशी घंटीसुद्धा वाजवत नाहीत.
न आलेल्या आजाराचे आभार
कुणी कुणाचे मानायचे?

पण वैद्यांचं सांगायचं राहिलं.
साऱ्या गावाला दिवसा ताक सांगणारा हा माणूस
रात्री दिवा बारीक करून
मडक्यातलं म्हशीचं दही घ्यायचा,
वर सुरमाडाची काकवी, चांगली दोन पळ्या.
मी दाराआडून पाहायचे.
शास्त्रात याला भारदस्त नाव आहे, प्रज्ञापराध.
आपल्या साध्या भाषेत, कळतं पण वळत नाही.
एकदा मला पाहिलं त्यांनी.
म्हणाले, "बायको गेल्यापासून
रात्र फार लांब असते गं."
यावर कुठला श्लोक म्हणणार?

पोयाच्या दिवशी देवळातून परतताना
रणहामी बांधावर मध्येच थांबला.
"वैद्यमहात्मया, रागावू नका.
तुमचं डावं पाऊल हल्ली उशिरा पडतं."

वैद्य थांबले. मी मान खाली घातली.
महिनाभर पाहत होते मी ते पाऊल,
रात्री पोटरी चोळणारा तो हात,
पाण्याच्या घागरीकडच्या वाढत्या फेऱ्या.
एक्क्याण्णव गुण, आणि तोंडातून शब्द नाही.
गुरूला कसं सांगायचं, म्हणून.
तेही बीळच की. माझं.

त्या रात्री मडकं बाहेर आलं नाही.
दुसऱ्या रात्री आलं.
मग मी आत गेले, न विचारता,
आणि समोर बसून राहिले.
आम्ही काही बोललो नाही.
एका काकवीच्या पळीचा हिशोब
तेवढा कमी झाला.

कार्तिकात ईशान्येचा पाऊस आला.
तलाव काठोकाठ, सांडव्यावरून पाणी,
खालची शेतं हिरवी, गाव झोपलेलं.
बांध टिकला.
गावात कुणी त्याची गोष्ट सांगत नाही.
सांगायला काही घडलंच नाही ना.

पहाटे रणहामी दिसला,
हातात मूठभर ओली माती.
कुठं लावून आला, मी विचारलं नाही.
चप्पल काढून
त्याच्या मागोमाग चालायला लागले.